सांडलेलं शेजारी टाक

माझी ताई कोंबड्यांची शी गोळा करते. घ्या, पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. हे वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडायला सव्वीस वर्षं लागली, म्हणून आता अडवत नाही.

मी पार्लर चालवते. आरशासमोरच्या खुर्चीत बसलेल्या बाईला गप्प बसवत नाही आणि नसत्या चौकशांची तर तिला भारी हौस. "तुमच्या ताई कुठे असतात हो नोकरीला?" असं कुणी विचारलं की मी म्हणायची, "संशोधनात आहे." आणि लगेच तिच्या भुवईला दोरा लावायची. दोरा लागला की डोळ्यांत पाणी येतं आणि पुढचा प्रश्न राहून जातो. आमच्या धंद्यातली ही एक सोय आहे.

तसं खोटंही नव्हतं ते. गावाबाहेर कोंबड्यांचं एक संशोधन केंद्र आहे. पत्र्याची लांबलचक शेड, तिच्या टोकाला काचेच्या कपाटातला तराजू आणि घुंऽऽ करत राहणारी एक भट्टी असलेली खोली. कुठल्या जातीच्या कोंबडीला कुठलं खाद्य किती पचतं, ते तिथे शोधतात. कसं? अहो, अगदी सोपं आहे. कोंबडीनं किती खाल्लं ते मोजायचं, तिच्या खालून किती बाहेर पडलं ते वाळवून मोजायचं, पहिल्यातून दुसरं वजा करायचं. उरलं ते पचलं. शास्त्रज्ञ याला मोठंमोठं काहीतरी म्हणतात, पण गोष्ट एवढीच. आणि त्यातलं ते दुसरं मोजण्याचं काम ताईचं.

प्रत्येक पिंजऱ्याखाली एक पत्र्याचा ट्रे असतो. कागदोपत्री त्याचं नाव काहीही असो, शेडमध्ये सगळे त्याला ताट म्हणतात. आणि खाद्याच्या भांड्याला वाटी. वाटी वर, ताट खाली, मध्ये कोंबडी. रोज सकाळी त्याच वेळेला ताई ताटं ओढते, त्यातली पिसं आणि कोंबडीच्या अंगावरून गळलेला कोंडा चिमट्यानं वेचते, मग ताट खरवडून त्यातलं सगळं डब्यात भरते आणि भट्टीत वाळायला ठेवते. म्हणून तिला केंद्रात म्हणतात ताटताई. नवीन माणसाला वाटतं, ही स्वयंपाकघरात असणार!

चिमट्यांचं तर विचारूच नका. माझ्या पार्लरमधले भुवयांचे चिमटे दर दोन-तीन महिन्यांनी गायब व्हायचे. मी कामाला असलेल्या मुलीवर डाफरले, एका गिऱ्हाइकावर संशय घेतला, एकदा तर नवऱ्याचा टूलबॉक्स उपसला. शेवटी कळलं, आमच्या ताईसाहेबांच्या ॲप्रनच्या खिशात! "तुझ्या चिमट्याची पकड फार छान आहे गं, बारके," ती म्हणाली. "कोंबडीचं मऊ पीससुद्धा सुटत नाही." ज्या चिमट्यानं मी बायकांच्या भुवया कोरते, त्यानं ही काय वेचते, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी आरडाओरडा केला. ती हसली. ताई कधी चिडत नाही, आणि नेमकं त्याचाच मला राग येतो.

लहानपणीही ती तशीच. आमच्या आईचा एकच कायदा होता, ताटात टाकायचं नाही. आणि ताईचं जेवण म्हणजे एक ताप. वाटाणे एका बाजूला, गाजर दुसऱ्या बाजूला, जे आवडत नाही ते ताटाच्या काठावर रांगेत लावून ठेवायची. आईची पाठ वळली की मी हात घालायची आणि सगळं फस्त. ती शिक्षेतून सुटायची, मी पोटभर जेवायची. आजही आम्हा दोघींकडे पाहून कुणालाही कळेल कोण कुणाचं खात होतं.

तर या ताईची एकच इच्छा होती. तिनं ती कधी बोलून दाखवली नाही, पण मी काय आंधळी आहे? केंद्राचा एखादा शोधनिबंध छापून आला की त्याची प्रत ती घरी आणायची आणि शेवटचं पान आधी उघडायची. शेवटच्या पानावर आभार असतात. अमक्या अधिकाऱ्यांचे, तमक्या संस्थेचे, आणि सगळ्यात शेवटी "केंद्रातील कर्मचारीवर्गाचे". ती ते वाचायची, पान मिटायची आणि प्रत कपाटात ठेवायची. अशा एकोणीस प्रती आहेत तिच्या कपाटात. मी एकदा म्हटलं, "कर्मचारीवर्ग म्हणजे तूच की." ती म्हणाली, "हो, मीच की." आणि कणीक मळायला घेतली. इतकी जोरजोरात मळली की परात ओट्यावर सरकत गेली.

मग केंद्रात नवे डॉक्टर आले. वयानं तरुण, अंगानं काडी, आणि बोलणं सगळं टक्क्यांत. "आज साठ टक्के बरं वाटतंय," असं म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. शेडमध्ये त्यांचं नाव टक्केसाहेब पडलं. त्यांनी सेंद्रिय खाद्याचा प्रयोग हाती घेतला. म्हणजे खत-औषध न मारता पिकवलेला मका, वाटाणा, सूर्यफुलाची पेंड, सगळं भरडून केलेलं खाद्य. ते तीन जातींना घालायचं. एक पांढरी, दोन महिन्यांच्या आत थुलथुलीत होणारी. दुसरी तपकिरी, अंडी देणारी. तिसरी उघड्या मानेची, सावकाश वाढणारी, जिला पाहिलं की मला नेहमी वाटतं हिनं काहीतरी गुंडाळून घ्यावं. प्रत्येकीच्या सहा, अशा अठरा. कुणाला जास्त पचतं ते बघायचं. आणि साहेब ताईला म्हणाले, "ताई, या वेळी आभारात तुमचं नाव असणार. पूर्ण नाव."

ताईनं ते मला फोनवर सांगितलं. दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा म्हणाली, "पूर्ण नाव, बरं का."

आणि मोजणीचे चार दिवस सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी तिच्या लेकीला कळा सुरू झाल्या. तीन आठवडे आधी! लेक राहते बसनं सात तासांवर. कोंबड्या आठवडाभर त्याच खाद्यावर सरावलेल्या, प्रयोग पुढे ढकलता येत नव्हता आणि केंद्रात ताटाला हात लावायला दुसरं कुणी तयार नव्हतं. ताई पार्लरच्या दारात उभी. हातातला ॲप्रन तिनं माझ्यासमोर धरला.

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही. मेले तरी नाही."

तासाभरानं मी शेडमध्ये ॲप्रन घालून उभी होते.

ताईनं मला सगळं शिकवलं. वाटीत किती घालायचं, ताट कसं ओढायचं, पिसं कशी वेचायची. बसची वेळ झालेली, पिशवी खांद्याला, एक पाय दाराबाहेर, आणि तिनं शेवटची सूचना दिली. "तपकिऱ्या फार सांडतात हं. ताटात सांडलेलं खाद्य राहू देऊ नकोस. सांडलेलं शेजारी टाक."

"टाकते, टाकते. तू जा आता!"

सांगते तुम्हाला, मी चार दिवस इमानेइतबारे काम केलं. नाकाला ओढणी बांधली, पण एक पीस सोडलं नाही. तपकिऱ्या खरंच महाखट्याळ. चोचीनं मका तेवढा वेचायच्या आणि बाकीचं चोच हलवून हलवून बाहेर उडवायच्या. ताट भरून जायचं. आणि शेजारच्या पिंजऱ्यातल्या पांढऱ्या काय करत होत्या? वाटी चाटूनपुसून रिकामी करून माझ्याकडे बघत बसायच्या. त्यांची ती नजर! मला माझंच बालपण दिसायला लागलं. तपकिरीच्या खालचे चांगले कोरडे दाणे मी चमच्यानं उचलायची आणि शेजारी टाकायची. पांढरीच्या वाटीत. ताईनं सांगितलंच होतं. प्रत्येक पिंजऱ्याला एक कागदी पिशवी अडकवलेली होती, तिच्यात मी पिसं ठेवली. म्हटलं, पिसांसाठी असेल.

पाचव्या दिवशी ताई परतली. नातीचे फोटो दाखवून दाखवून तिनं फोनची बॅटरी संपवली. सगळं छान होतं. नातही छान, मीही छान. टक्केसाहेब तर हवेत होते. भट्टीतलं सगळं वाळलं, वजनं झाली आणि आकडे आले. तपकिरीला एकोणऐंशी टक्के पचलं, उघड्या मानेवालीला एकाहत्तर आणि पांढरीला त्रेसष्ट. एवढा फरक म्हणे कुणालाच मिळाला नव्हता. खाद्य पिकवणाऱ्यांची सभा पुढच्याच आठवड्यात होती आणि साहेब तिथे जाहीर करणार होते की हे खाद्य तपकिरीलाच घाला, पांढरीवर वाया घालवू नका. निबंधाचा कच्चा मसुदाही तयार होता. शेवटच्या पानावर, आकड्यांच्या तक्त्याखाली, ताईचं नाव होतं. पूर्ण.

ते पान ताई घरी घेऊन आली. मी तिच्याकडेच होते. मला वाटलं आता ही नाचणार. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बारके, पांढरी जेवढं खाते त्या मानानं तिनं खाली फारच टाकलंय गं. डबे बघितले मी. असं होत नाही."

"का नाही होत? नसेल पचत तिला."

"सव्वीस वर्षं बघतेय मी. तपकिरीचं आणि तिचं पोट एवढं वेगळं नाही." मग तक्त्यावरून बोट फिरवत म्हणाली, "आणि सांडलेल्याच्या रकान्यात शून्य आहे. तपकिरीनं चार दिवसांत एक दाणा सांडला नाही?"

"सांडला नाही? अगं, पाऊस पाडत होती ती!"

"मग ते कुठे ठेवलंस?"

"ठेवते कशाला? शेजारी टाकलं, तू सांगितलंस तसं. पांढऱ्यांनी मिटक्या मारत खाल्लं."

ताईनं चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं. आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "शेजारी म्हणजे पिशवीत, बारके. पिंजऱ्याच्या शेजारच्या पिशवीत. ते वजनातून वजा करायचं असतं."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तपकिरीनं उडवलेलं तिच्या खात्यावर खाल्लेलं म्हणून लागलं होतं, म्हणून ती हुशार दिसत होती. पांढरीनं फुकटचं जेवून खाली भर टाकली होती, म्हणून ती मठ्ठ ठरली. आणि हे सगळं मी केलं होतं.

मी अर्थातच भडकले. चूक माझी असली की मी जास्त भडकते. "नीट सांगायला काय झालं होतं? शेजारी टाक, शेजारी टाक! कोंबड्यांच्या शेडमध्ये टाक म्हटल्यावर माणूस दाणे टाकणार नाही तर काय?" मी बराच वेळ बोलत होते. मध्येच पाहिलं तर ताईचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला. "तू अजून तेच करतेस गं," ती म्हणाली. "एकीच्या ताटातलं उचलायचं आणि दुसरीच्या पोटात घालायचं. तेव्हा दुसरी तू होतीस, एवढाच फरक."

मग मलाही हसू आलं आणि हसता हसताच रडूही आलं, कारण तिच्या मांडीवर ते पान होतं आणि त्यावर तिचं नाव होतं. मी म्हटलं, "कुणाला कळणार आहे? बोलू नकोस ना. छापून येऊ दे."

"पांढरी पाळणारे लोक चांगलं खाद्य बंद करतील. काही कारण नसताना." तिनं पानाची नीट घडी घातली. "उद्या सांगते साहेबांना. शिकवलं मी, चूक माझी."

"अजिबात नाही!" मी म्हटलं. "टाकलं मी, सांगणार मी."

दुसऱ्या दिवशी पार्लर बंद ठेवून मी ताईबरोबर केंद्रात गेले. टक्केसाहेब सभेच्या भाषणाचा सराव करत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. शेजारी, पिशवी, पांढरीची नजर, सगळं. साहेबांचा चेहरा उतरत उतरत पार टेबलाला टेकला. पण ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर मला उत्तर देता आलं असतं. नुसते म्हणाले, "माझं चुकलं. शून्य बघूनच मला कळायला हवं होतं. मला आवडणारा आकडा आला म्हणून मी बघितलं नाही." मग ताईकडे वळले. "ताई, हे तुम्ही बोलला नसतात तर तुमचं नाव छापून आलं असतं."

"माहिती आहे," ताई म्हणाली. "चुकीच्या आकड्याखाली आलं असतं."

सभेत साहेबांनी काहीच जाहीर केलं नाही. प्रयोग पुन्हा झाला. अठरा नवीन कोंबड्या, तेच खाद्य, चार दिवस, आणि या वेळी ताटाला हात ताईचा. मी मदतीला गेले होते, पण मला फक्त पिसं वेचायची परवानगी होती, आणि तीही तिच्या नजरेसमोर! पिशव्या दाण्यांनी टम्म भरल्या. आकडे आले. पांढरी सत्तर, तपकिरी एकाहत्तर, उघड्या मानेवाली एकाहत्तर. तिघींना सारखंच पचत होतं. खाद्य चांगलंच होतं. फरक पोटात नव्हताच, चोचीत होता. तपकिरी जवळजवळ चौथा हिस्सा खाली उडवत होती, आणि तिला पाळणारे समजत होते की सेंद्रिय खाद्य तिच्या अंगी लागत नाही.

"या वाट्याच उथळ आहेत," मी सहज म्हटलं. "माझ्याकडे केसांना रंग लावायच्या वाट्या आहेत. खोल, काठ आत वळलेला. गिऱ्हाइकाच्या अंगावर थेंब उडत नाही."

ताईनं माझ्याकडे बघितलं. साहेबांनी ताईकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी माझ्या पार्लरमधून अठरा वाट्या गेल्या, आणि तपकिऱ्यांचा पाऊस थांबला. कशी चोच हलवणार, आतला काठ आडवा! बिचाऱ्या मग सगळं खायला लागल्या. काठावरचे वाटाणेसुद्धा.

आठ महिन्यांनी निबंध छापून आला. ताई प्रत घेऊन थेट पार्लरमध्येच आली. दोन बायका खुर्च्यांत, एक डोक्याला टॉवेल गुंडाळून बसलेली. ताई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली आणि नेहमीसारखं शेवटचं पान आधी उघडलं. वाचत राहिली. मी हातातला ब्रश धरून बघत होते.

"तुझं नाव आहे," ती म्हणाली. "पूर्ण नाव. दोन चिमटे आणि अठरा वाट्यांबद्दल आभार."

"आणि तुझं?"

तिनं पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. "नाही," ती म्हणाली. आणि हसून, "कर्मचारीवर्गही नाही या वेळी."

माझं डोकं असं सणकलं की काय सांगू. सगळा घोळ घालणारी मी, आणि आभार माझे? मी ब्रश आपटला. "फोन लाव त्या टक्क्याला! आत्ताच्या आत्ता लाव! त्याचं शंभर टक्के डोकं ठिकाणावर आणते मी!" प्रत तिच्या हातातून हिसकावून घेतली, त्यावर फोन नंबर कुठे आहे ते शोधायला. नंबर पहिल्या पानावर असतो, म्हणून पहिलं पान उघडलं.

वर मोठ्या अक्षरांत निबंधाचं नाव होतं. त्याखाली, जिथे निबंध लिहिणाऱ्यांची नावं असतात, तिथे दोनच नावं होती. एक साहेबांचं. आणि त्याच्या शेजारी ताईचं.

मी प्रत तिच्यासमोर धरली आणि बोट ठेवलं. केसांचा रंग लागला त्या पानाला, अजून आहे तो डाग. ताईनं चष्मा पुसला, परत लावला, आणि आपलं नाव ओठ हलवत एकेक अक्षर वाचलं, एखाद्या अनोळखी बाईचं वाचावं तसं. एकोणीस प्रती तिनं शेवटाकडून उघडल्या होत्या. पहिल्या पानावर तिनं कधी स्वतःला शोधलंच नव्हतं.

"अय्या, काय झालं हो?" टॉवेलवालीनं विचारलं. "काय करतात तुमच्या ताई?"

मी दोरा घेतला नाही. डोळे पुसले आणि सांगितलं, "कोंबड्यांची शी गोळा करते. बघा, छापून आलंय."